शिशाच्या साच्याला टू-टी ऑइल: जाळ्याची वजनं ओतणाऱ्याचा सोलापूरहून रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होऊन जाईल. शिसं ओतायच्या साच्याला, म्हणजे त्याच्या वरच्या पट्टीखाली, पट्टीच्या बोल्टला आणि दोन ब्लॉक जुळवणाऱ्या पिनांना लावायला फुल सिंथेटिक टू-टी ऑइल एक नंबर आहे. मी मोटुल ७१० वापरतोय, तेच जे टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि आता दुसरं काही शोधायची मला गरज वाटत नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, हे तेल साच्याच्या पोटात, म्हणजे जिथं शिसं भरतं त्या खळग्यात, अजिबात जाता कामा नये. बाकी सगळा रिव्ह्यू याच दोन गोष्टींचा आहे, कुठं लावायचं आणि कुठं लावायचं नाही.

माझं काम जाळ्याच्या आणि गळाच्या वजनांचं. फेकजाळ्याच्या कडेला लागणारे भोकाचे मणी, लांब जाळ्याची चपटी वजनं, आणि पूर्वी गळाला लावायची थेंबाच्या आकाराची वजनं, एवढाच माल. सोलापुरात लोकांना वाटतं इथं कुठं आले मासेमार, पण उजनी आहे की ओ आपल्या जिल्ह्यात, भीमेवरचं ११७ टीएमसीचं धरण, यशवंतसागर म्हणतात ते, आणि त्याच्या बॅकवॉटरवर करमाळा, माढा, इंदापूर साइडची किती घरं चिलापी, कटला, रोहूवर चालतात. आमचे दाजी टेंभुर्णीला असतात, त्यांच्यामुळंच मी यात पडलो, आणि माल चांगला का वाईट हे मला त्यांच्याकडूनच कळतं कारण त्यांच्या हातात रोज जाळं असतं.

साच्यांबद्दल जी काही माहिती जगात आहे ती बहुतेक अमेरिकेतल्या लोकांनी जमवलेली आहे, तिकडं बंदुकीच्या गोळ्या घरी ओतायचा छंद आहे. आपल्याकडं तो विषयच नाही, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं सरळ गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला कुणी जाऊ नये. पण साचा बघाल तर तोच आहे. दोन ब्लॉक, चिमट्यासारखी हँडलं, वर एक फिरणारी लोखंडी पट्टी, पट्टीत उतरतं भोक, त्यातून शिसं ओतायचं, गोठलं की पट्टीला लाकडाने ठोका द्यायचा, वरचं जास्तीचं शिसं कापलं जातं, हँडल उघडायचं, माल खाली. त्यामुळं साचा जपायची त्यांची बरीच अक्कल आपल्याला जशीच्या तशी लागू पडते, आणि टू-टी ऑइलची आयडियाही तिकडचीच आहे.

आता साचा खराब का होतो ते बघा, कारण ते कळलं की तेल कुठं पाहिजे ते आपोआप कळतं. माझे साचे ॲल्युमिनियमचे आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्याकडून करून घेतलेले, पट्टी आणि पिना मात्र स्टीलच्या. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, आपण ओततो साधारण ३५० ते ४०० च्या मध्ये, आणि साचा चालू कामात २०० अंशाच्या आसपास असतो. ॲल्युमिनियम गरम झालं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५० मिलिमीटरचा ब्लॉक घ्या, २०० अंशाने तापवा, तो जवळपास पाव मिलिमीटर लांब होतो, आणि त्याच्यावर बसलेली स्टीलची पट्टी तेवढ्याच लांबीत त्याच्या निम्मीच वाढते. म्हणजे दोघं एकमेकांवर कायम सरकतायत, शिवाय आपण पट्टी सारखी फिरवतोय ते वेगळंच. कोरडं असेल तर मऊ ॲल्युमिनियमला स्टील खरवडतं, बारीक कड उचलली जाते, ती कड पुढं आणखी खरवडते. पिनांचंही तेच, पिन भोकात अडकायला लागते, मग माणूस जोर लावतो, मग भोक अंडाकृती होतं आणि दोन ब्लॉक थोडे पुढंमागं बसायला लागतात. साचा गेला.

त्याहून रोजचा त्रास म्हणजे पट्टीखाली बसणारा शिशाचा लेप. वरचं शिसं पूर्ण गोठायच्या आत पट्टी फिरवली की ते मऊ शिसं पट्टीच्या खालच्या अंगाला आणि ब्लॉकच्या माथ्यावर पुसल्यासारखं पसरतं. एकदा पसरलं की पट्टी नीट टेकत नाही, कागदाएवढी फट राहते, पुढच्या ओतीत त्या फटीतून शिसं बाहेर येतं आणि प्रत्येक मण्याला वर एक पातळ पापुद्रा येतो. दिसायला तो काहीच नसतो. पण तो जाळ्यात गेल्यावर काय करतो ते दाजींनी मला दाखवलं होतं, जाळ्याच्या कडेचा नायलॉनचा दोरा बोटात धरून, मण्याच्या तोंडाशी सगळा कुसळासारखा फुलला होता. "हे बघ, मणी चांगलाय, पण ह्याचं धारदार काढून दे बाबा, पाण्यात दिवसभर दोरा ह्याच्यावर घासतो." प्रत्येक मणी हाताने कानस मारून द्यायचा म्हणजे धंदाच नको. पापुद्रा येऊच नये हा एकच उपाय, आणि त्यासाठी पट्टीखाली शिसं चिकटता कामा नये.

इथं तेलाचा प्रश्न येतो. आता लोक काय काय लावतात आणि त्याचं काय होतं ते सांगतो.

ग्रीस. साधं गाडीचं ग्रीस २०० अंशाला पातळ होऊन वाहतं आणि वाहून जातं कुठं तर खळग्यात. मागं राहतो तो काळा चिकट थर, तो पुन्हा गरम झाला की कडक होतो. लावूच नका.

घरातलं खायचं तेल. आपल्या सोलापूर भागात करडईचं तेल घरोघरी असायचं, अजून बऱ्याच घरात आहे, आणि हातासरशी तेच लावायचा मोह होतो. पण करडईचं तेल हे सुकणारं तेल आहे, हवा लागली की हळूहळू त्याचा पापुद्रा धरतो, म्हणून तर ते रंगात आणि वॉर्निशमध्ये वापरतात. तापलेल्या धातूवर तर हे काम भराभर होतं. लोखंडी तव्यावर जो काळा गुळगुळीत थर धरतो तोच प्रकार, तव्याला तो हवा असतो, साच्याच्या पट्टीखाली तो अजिबात नको. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, कमीजास्त फरकाने सगळ्यांचं हेच.

सिलिकॉन स्प्रे. प्लास्टिकच्या मोल्डिंगवाले हा वापरतात आणि त्यांच्या कामाला तो बरोबर असेल. शिशाला मला तो पटलेला नाही. स्प्रे म्हटल्यावर तो नेमका पट्टीवर मारता येत नाही, धुकं सगळीकडं बसतं, खळग्यातही बसतं, आणि सिलिकॉन एकदा बसलं की साबणाने, थिनरने, कशानेच पटकन निघत नाही. मग वजनांवर सुरकुत्या.

डब्ल्यूडी-४०. याच्याबद्दल लोकांच्या डोक्यात गोंधळ आहे म्हणून थोडं सविस्तर. हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने बनवलं, पाणी हटवायला आणि गंज थांबवायला, ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्यासाठी ते वापरलं गेलं, आणि नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात फॉर्म्युला जमला त्याचा आकडा. म्हणजे मुळात हे तेल कमी आणि पाणी हटवणारं जास्त. साचा धुतल्यावर कोपऱ्यातलं पाणी काढायला, गंज लागलेला बोल्ट सोडवायला उत्तमच आहे. पण त्याचा मोठा भाग उडून जाणारा असतो, मागं राहणारा थर पातळ, २०० अंशाच्या साच्यावर तो टिकणार किती. त्याचं काम वेगळं आहे, ते त्याला करू द्या.

मधमाशीचं मेण. हे जुनं आणि चांगलं आहे. ६० अंशाच्या थोडं वर वितळतं, गरम पिनेला नुसतं टेकवलं तरी पसरतं. पिनांना मी अजूनही कधी कधी लावतो. पण जास्त झालं तर वाहतं आणि जळून काळं होतं, आणि पट्टीखाली त्याचा थर जाड बसतो. शिवाय बाजारात शुद्ध मेण मिळवणं हाच एक उद्योग आहे, मेणबत्तीचं पॅराफिन त्याच्या जागी चालत नाही.

कॉपर अँटी-सीझ, म्हणजे बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावतात ती तांब्याची पेस्ट. पट्टीच्या बोल्टच्या आट्यांना उत्तम, आपल्या कामाचं तापमान सहज सोसतं. पण ते रगड्यासारखं आहे, सगळीकडं माखतं, म्हणून फक्त आट्यांना.

आणि मग टू-टी ऑइल. हे का चालतं ते बघा. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबर आत जातं, पिस्टन-सिलिंडरला वंगण देतं आणि तिथंच जळून बाहेर पडतं. म्हणजे ते बनवतानाच असं बनवलेलं असतं की गरम धातूवर पातळ थर धरून राहावं आणि जळलं तर कमीत कमी राख, कमीत कमी कार्बन मागं ठेवावा. आपल्याला साच्यावर नेमकं हेच पाहिजे. त्यातही एस्टर बेसचं सिंथेटिक तेल धातूला जास्त धरून बसतं, एस्टरच्या रेणूंना धातूची ओढ असते म्हणून. मोटुल ७१० हे पूर्ण सिंथेटिक, एस्टरवालं आहे. हाच ब्रँड घ्या असं माझं म्हणणं नाही, डब्यावर दोन गोष्टी बघा, एक म्हणजे फुल सिंथेटिक लिहिलेलं आणि दुसरी जासो एफडी ग्रेड. जासो हे जपानी स्टँडर्ड आहे, टू-स्ट्रोकच्या तेलाला त्यात एफबी, एफसी, एफडी अशा पायऱ्या आहेत, एफसीत धूर कमी आणि एफडीत त्याच्यावर जास्त तापमानाला धातू स्वच्छ ठेवायची ताकद. साधं मिनरल टू-टी पण चालून जातं, पण त्याचा पिवळा-तपकिरी डाग पट्टीवर लवकर धरतो आणि वारंवार पुसत बसावं लागतं.

दुकानात मागताना थोडं समजावून सांगावं लागतं. यामाहाची आरएक्स हंड्रेड ही टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडं १९९६ ला बंद झाली तरी सोलापुरात शौकीन लोकांनी त्या अजून जपून ठेवल्यात, त्यामुळं चांगल्या ऑटो स्पेअरच्या दुकानात सिंथेटिक टू-टी मिळतं, नसेल तर दोन-चार दिवसात मागवून देतात. एक लिटरचा डबा घ्यावा लागतो आणि साध्या टू-टीपेक्षा तो चांगलाच महाग पडतो. साच्याच्या कामाला एक लिटर म्हणजे जन्माला पुरेल, म्हणून कुणा आरएक्सवाल्याबरोबर भागीत घ्या, तुम्हाला पन्नास मिली पुरे, बाकी त्याच्या टाकीत. मी माझा हिस्सा शिलाई मशीनच्या तेलाच्या रिकाम्या कुपीत भरून ठेवलाय, तिला बारीक नळी असते, ती या कामाला फार सोयीची.

लावायची पद्धत नीट वाचा, सगळी गोम इथंच आहे. साचा आधी गरम करायचा. थंड साच्याला तेल लावून मग तापवलं तर ते पातळ होऊन पसरत जातं आणि खळग्याच्या कडेवरून आत उतरतं. शेगडीच्या कडेला साचा ठेवून किंवा पहिली काही वजनं ओतून ती परत कढईत टाकून साचा कामाच्या तापमानाला आणायचा. मग कान साफ करायची कापसाची काडी घ्यायची, तिच्या टोकाला तेलाचा एक थेंब, आणि ती काडी आधी जुन्या सुती कापडावर टेकवायची, म्हणजे कापूस ओला दिसेल पण त्यातून काही गळणार नाही. आता पट्टी उघडी करून तिच्या खालच्या अंगावर हा कापूस एकदा फिरवायचा. हलकासा धूर येतो, येऊ द्या. पट्टीवर ओलेपणा दिसता कामा नये, नुसती तुकतुकी दिसली पाहिजे, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली की कळतं. मग ब्लॉकच्या माथ्यावर, पण इथं साचा बंद ठेवायचा, खळग्यात अगोदर ओतलेलं वजन तसंच राहू द्यायचं आणि त्याच्यावरूनच कापूस फिरवायचा. म्हणजे खळग्याचं तोंड शिशाने बंद असतं आणि तेल आत जायला जागाच नसते. ही युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते. मग ते वजन काढून परत वितळायला टाकायचं. पण थांबा, ते तेलकट वजन कढईत टाकताना भसकन ज्योत येऊ शकते, तोंड लांब ठेवा.

पिनांना काडीच्या बाजूने नुसता स्पर्श. बोल्टच्या वॉशरखाली कुपीच्या नळीने अर्धा थेंब, पट्टी दोन-तीनदा फिरवायची, बाहेर आलेलं पुसून टाकायचं. झालं. दोन-एक तास काम केलं तर मध्ये एकदा पट्टी जड वाटायला लागते, तेव्हा परत एक हात. पट्टी जड वाटणं हीच खूण, घड्याळ बघून लावत बसू नका, जास्त लावणाऱ्याचं जास्त बिघडतं.

याचा फायदा कुठं दिसतो माहिती आहे का? घाईत पट्टी लवकर फिरवली आणि शिसं पुसलं गेलंच, तरी ते आता धरून बसत नाही. गरम असतानाच त्याच कापसाच्या काडीने किंवा सुती कापडाच्या घडीने पुसलं की चंदेरी पापुद्रा निघून येतो. कोरड्या पट्टीवरचा हाच लेप काढायला लोक पटाशी नाहीतर कानस घेतात, आणि साच्याचा माथा एकदा कानसीने खाल्ला की तो परत सपाट होत नाही. अगदीच चिकटला असेल तर बांबूची चपटी काडी वापरा, बांबू ॲल्युमिनियमला खरवडत नाही. आणि पट्टी कधी फिरवायची त्याचीही खूण सांगून ठेवतो. वरचं शिसं ओतल्या ओतल्या आरशासारखं चकाकतं, मग मधोमध एक खळी पडते, मग चकाकी अचानक मंद होते. मंद झाल्यावर आणखी चार-पाच आकडे मोजायचे आणि मग ठोका. ठोका लाकडी दांड्यानेच, हातोडी साच्याच्या आसपास पण ठेवू नका.

भोकाच्या मण्यांसाठी साच्यात आडवी सळई घालावी लागते, तिचं मात्र वेगळं आहे. शिसं गोठताना आकसतं, आणि ते आकसतं म्हणजे सळईला आवळून धरतं. तिथं तेल लावलं तर ते शिशाच्या थेट संपर्कात येतं, त्याची वाफ होते आणि मण्याच्या आत पोकळी राहते. सळईला ग्राफाइट पाहिजे. कुलपाच्या दुकानात ग्राफाइटची पूड मिळते, नाहीतर चित्रकलेची ६बी पेन्सिल घ्या आणि सळईवर चारी बाजूंनी घासा, राखाडी चकाकी आली की बास. सळई स्टीलची, गुळगुळीत पॉलिश केलेली आणि एका टोकाला किंचित निमुळती असली तर नुसती पिळून ओढली की सुटते. निमुळतेपणा लेथवाल्याला मुद्दाम सांगावा लागतो.

आता साच्याच्या पोटाबद्दल. तिथं काहीही तेल नाही, मेण नाही, स्प्रे नाही. नवा साचा आला की कटिंग ऑइल त्यात असतंच, ते काढायला भांड्याचा साबण, गरम पाणी आणि मऊ टूथब्रश, मग ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवायचा. ॲसिटोन शेगडीपासून लांब, बाहेर अंगणात. वजनांवर सुरकुत्या येत असतील, कडा गोल येत असतील, तर दोनच शक्यता धरून चाला, साचा थंड आहे किंवा आत तेलाचा अंश आहे. आधी साचा तापवून बघा, बरीच वजनं ओतली तरी सुरकुत्या त्याच जागी येत राहिल्या तर तेल. जागा बदलत असेल तर तापमान. वजन सुटत नसेल, आत अडकत असेल, तर काडेपेटीच्या काडीची किंवा रॉकेलच्या चिमणीची काजळी खळग्यात हलकी धरा, एवढंच पुरतं. काजळीचा थर जाड झाला तर वजनाचा आकार बारीक होतो, हे ध्यानात असू द्या.

साचा ठेवायचा कसा हा वेगळा विषय आहे आणि लोक इथंच जास्त हयगय करतात. आपल्याकडं पाऊस तसा कमी, उन्हाळा कोरडा ठणठणीत, त्यामुळं वाटतं सोलापुरात कसला गंज. पण परतीच्या पावसात सप्टेंबरमध्ये हवा दमट होते, रात्री पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडाला घाम येतो, आणि लोखंडी साचा असेल तर आठवड्याभरात त्याच्यावर नारिंगी पूड दिसते. ॲल्युमिनियमच्या साच्याचे ब्लॉक वाचतात पण पट्टी आणि पिना स्टीलच्याच असतात ना. काम संपलं की शेवटचं वजन साच्यातच राहू द्यायचं, वरची गाठसुद्धा कापायची नाही. खळगा शिशाने भरलेला राहिला की आत हवा आणि दमटपणा कमी शिरतो. साचा आपोआप थंड होऊ द्या, पाण्यात बुडवू नका, ब्लॉक वाकतो. थंड झाल्यावर बाहेरून पातळ तेलाचा हात. इथं टू-टी चालतं, पण त्याहून स्वस्तात काम होतं, आपल्या गावात चादरी-टॉवेलच्या लूमला लागणारं पातळ तेल मिळतं ते या कामाला छान आहे, थंड साच्यावर राखणीला. मग व्हीसीआय कागदात गुंडाळायचा. हा गंजरोधक कागद असतो, एमआयडीसीतले कारखाने तयार पार्ट पॅक करायला वापरतात, पॅकिंग मटेरियलवाल्यांकडं मिळतो, त्याच्यातून निघणारी वाफ लोखंडावर बसते आणि गंज धरू देत नाही. तो बंद डब्यात किंवा पिशवीतच काम करतो, उघडा ठेवला तर उपयोग शून्य. वर्तमानपत्रात साचा कधी गुंडाळू नका, कागद दमटपणा ओढून घेतो आणि साच्याला चिकटवून ठेवतो. डब्यात सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका, बूट-चपलांच्या खोक्यात येतात त्या जपून ठेवल्या तरी चालतात. परत काम काढलं की बाहेरचं तेल पुसायचं, साचा तापवायचा, आतलं वजन काढायचं, आणि वर सांगितलंय तसा टू-टीचा हात.

शिशाबद्दलही बोललंच पाहिजे, साच्याचा रिव्ह्यू वाचून कुणी उद्या घरातल्या गॅसवर शिसं ठेवायला नको. शिसं विष आहे, पोटात आणि श्वासात जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास सगळ्यात जास्त. वितळताना वर जी राखाडी मळी येते ती काढताना उडणारी धूळ ही वाफेइतकीच, खरं तर जास्त, धोक्याची. कढई, पळी, कपडे सगळं वेगळं, काम उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, मास्क लावून, आणि काम झाल्यावर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्यालाही हात नाही. ओली पळी, ओला साचा, घामाचा थेंबसुद्धा वितळलेल्या शिशात जाता कामा नये, पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं घ्यायचं नाही, त्यात ॲसिड असतं, अँटिमनी, आर्सेनिक असतं, त्याची मळी ओली झाली तर विषारी वायू सुटतात. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं घेत असाल तर जस्ताची वेगळी काढा, जस्त ४१९ अंशाला वितळतं, म्हणून शिसं कमी तापमानाला ठेवलं की जस्ताची वजनं वर तरंगत राहतात, ती झाऱ्याने काढून टाका. एकदा जस्त मिसळलं की ती सगळी कढई वाया, शिसं दह्यासारखं होतं आणि साच्यात कोपऱ्यापर्यंत जात नाही.

आणि गळवाल्यांना हात जोडून विनंती, शिशाची बारीक वजनं वापरू नका. इंग्लंडमध्ये १९८७ पासून गळाला लहान शिशाची वजनं बंद आहेत, २८ ग्रॅमपर्यंतची, कारण हंस ती खडे समजून गिळायचे आणि मरायचे. आपल्या उजनीवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, चिखलातूनच खातात. म्हणून मी गळाची बारीक वजनं ओतायची बंद केली, मागितली तरी देत नाही, जाळ्याची मोठी वजनंच करतो आणि तीही फाटकं जाळं टाकायच्या आधी उतरवून परत माझ्याकडं द्या म्हणून सांगतो, वजनावर पैसे देतो. दाजींनी तिकडच्या चार लोकांना हे पटवलंय, पोत्याने परत येतात मणी.

आता ज्यांना साचा नवीनच करून घ्यायचाय त्यांनी लेथवाल्याला ऑर्डर देतानाच तेलाची सोय सांगून ठेवा. पट्टी निदान तीन मिलिमीटर जाड, खालचं अंग ग्राइंडरवर सपाट करून नंतर बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून घासलेलं. पट्टीच्या भोकाची खालची कड धारदार, पण बाहेरच्या कडांची धार मारलेली. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर, नुसता नट आवळून ठेवला तर तापल्यावर पट्टी एकतर जाम होते नाहीतर लटलटते. पिनांची टोकं गोल. आणि ब्लॉकच्या समोरासमोरच्या अंगावर हवा जायला बारीक रेघा, शिसं आत शिरत नाही इतक्या बारीक, नाहीतर हवा कोंडून वजनाचा कोपरा अर्धवट येतो आणि दोष तेलावर जातो. या रेघांत तेल कधी गेलं असं वाटलं तर ब्रशला ॲसिटोन लावून रेघेच्या दिशेनेच बाहेर ओढा, आडवं घासलं तर तेल खळग्यात ढकललं जातं.